खुर्द आणि बुद्रुक

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे चाकण, राजगुरुनगर आणि पेठ हीं गांवें मागें पडतात, पुढें अवसरीचा लहानसा घाट लागतो, आणि घाट उतरतांच मंचरच्या बाजूची सपाट, पाण्याखालची जमीन दिसूं लागते. पुण्यापासून मंचरचें अंतर सुमारें साठ किलोमीटर. या टापूंत अवसरी नांवाचीं दोन गांवें आहेत. एक अवसरी खुर्द व दुसरें अवसरी बुद्रुक. हे दोन्ही शब्द फारशी भाषेंतून आपल्या महसुली दप्तरांत आले. ‘खुर्द’ म्हणजे लहान, आणि ‘बुद्रुक’ हें ‘बुजुर्ग’ या शब्दाचें आपल्या तोंडीं रुळलेलें रूप. बुजुर्ग म्हणजे मोठा, आणि वयानें मोठा, म्हणजे वृद्ध, असाही त्याचा अर्थ आहे. गांवांचें मोठेपण व धाकटेपण दाखविणारे हे शब्द माणसाला लावून पाहिले तर एक मौजेचा प्रश्न निघतो. साठी उलटलेला मनुष्य दप्तराप्रमाणें बुद्रुक झाला खरा. पण त्याला शरीरानें खुर्द राहतां येईल काय? ध्यानधारणेनें वार्धक्य मागें सरतें असें हल्लीं वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळतें. गेल्या मार्गशीर्षांत अवसरी खुर्द येथें माझें पंधरा दिवस वास्तव्य झालें. त्या अवधींत जें पाहिलें, वाचलें आणि त्यावरून या प्रश्नाचा जो विचार सुचला, तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा भाचा येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत अध्यापक आहे. त्याची आई ही माझी थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतों. दोन वर्षांपूर्वीं तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवें अंग लुळें पडलें, आणि तेव्हांपासून ती अंथरुणास खिळली आहे. बुद्धि शाबूत आहे, वाचाही पुष्कळशी परत आली आहे. अक्का, भाचा, भाचेसून आणि त्यांचीं दोन शाळकरी मुलें असें हें कुटुंब. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पाठशाळेंत थोडेंसें संस्कृत पढलेला जुना शिक्षक. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून पहाटे तासभर ध्यानास बसण्याचा माझा नेम आहे, आणि तो मी अवसरीसही चालविला होता.

गांवाचें ग्रामदैवत श्रीभैरवनाथ. घोड नदीवर डिंभे येथें धरण झाल्यापासून आंबेगांव तालुक्याच्या पूर्व भागाचें रूप पालटलें आहे. जेथें पूर्वीं पावसाच्या भरंवशावर बाजरी पिके तेथें आज कांदा, बटाटा आणि ऊस उभा दिसतो. आणि उसाबरोबर बिबट्याही आला आहे. उसाच्या दाट फडांत त्याची वीण होते, म्हणून अंधार पडला कीं शेताच्या वाटेनें एकट्यादुकट्यानें कोणी जात नाहीं. वृद्धांचें फिरणें त्यामुळें सकाळचें. देवळाच्या आवारांत कोवळ्या उन्हाला बसलेल्या अशाच एका शेतकरी आजोबांस मीं त्यांचें वय विचारलें. ते म्हणाले, “मास्तर, कागदावरचं वय सरकारला, अंगातलं आपल्याला. कागद म्हणतो अठ्ठ्याहत्तर. अंग म्हणतं, आज बटाट्याला पाणी द्यायचंय.” असें म्हणून ते हंसले आणि उठून चालूं लागले.

या आजोबांनीं सहज केलेला भेद आधुनिक जीवशास्त्रानेंही केला आहे. एकाच दिवशीं जन्मलेल्या दोन माणसांपैकीं एक सत्तराव्या वर्षीं जिना चढतो आणि दुसरा पन्नासाव्या वर्षीं थकतो. जन्मतारखेवरून येणारें वय दोघांचें एकच. शरीराच्या झिजेवरून येणारें वय निराळें. ही झीज मोजण्याचे कांहीं मार्ग शास्त्रज्ञांस सांपडले आहेत. आपल्या पेशींत गुणसूत्रें असतात. त्यांच्या टोकांस, बुटाच्या नाडीच्या टोकाला असतें तसें, एक संरक्षक टोपण असतें. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशीचें विभाजन होतांना हें टोपण सामान्यतः थोडें थोडें आंखूड होतें, आणि फारच आंखूड झालें कीं पेशीचें विभाजन थांबतें. टोपणाची डागडुजी करणारें एक विकर आहे, त्याचें नांव टेलोमरेज. या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना इ. स. २००९ चें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा मार्ग जनुकांवर वयपरत्वें ज्या रासायनिक खुणा उमटतात त्या वाचण्याचा. स्टीव्ह होर्व्हाथ यांनीं इ. स. २०१३ मध्यें अशा खुणांवरून वयाचा अंदाज बांधणारें गणित प्रसिद्ध केलें. हीं दोन्ही मापें उपयुक्त आहेत, परंतु तापमापकाइतकीं निर्विवाद नाहींत. टोपण लांब असणें हें सर्वस्वी हिताचेंच असें नाहीं. कांहीं प्रकारच्या कर्करोगांशीं लांब टोपणांचाही संबंध आढळला आहे.

ध्यानानें जरा दूर होते ही कल्पना मात्र या मापांहून फार जुनी आहे. योगाग्नीनें तावून निघालेल्या शरीरास रोग नाहीं, जरा नाहीं, मृत्यु नाहीं, अशा आशयाचें वचन श्वेताश्वतरोपनिषदांत आहे. पतंजलींनीं विभूतिपादांत रूप, लावण्य, बल आणि वज्रासारखें दृढ अंग यांना कायसंपत् म्हटलें आहे. आणि आपल्या घराघरांत जो ग्रंथ आहे, त्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत तर कुंडलिनी जागृत झालेल्या योग्याच्या देहाचें वर्णन असें आहे कीं, त्याला नवीं नखें फुटतात, हिऱ्यांच्या ओळीसारखे बारीक दांत येतात, आणि कांति सोन्यासारखी होते. तारुण्याची हांव असणाऱ्यानें तेवढ्याच ओव्या वाचून पुस्तक मिटावें, असा मोह होण्यासारखें हें वर्णन आहे. पण वाचणाऱ्यानें पुढें जावें. ज्ञानेश्वर महाराज त्या देहापाशीं थांबत नाहींत. देहाचें भानच मावळतें त्या ठिकाणीं ते आपल्याला नेतात. पतंजलीही सिद्धि सांगत असतांनाच बजावतात कीं, त्या समाधीला विघ्नरूप आहेत. तारुण्य हा या वाटेवरचा मैलाचा दगड म्हणून दाखविला आहे, मुक्काम म्हणून नव्हे.

या भागांत येऊन ध्यानाचा विचार करावयाचा तर लेण्याद्रीस गेल्यावांचून तो पुरा होत नाहीं. अवसरीहून मंचर, नारायणगांव, जुन्नर असा रस्ता; जुन्नरच्या पलीकडे सुमारें पांच किलोमीटरवर कुकडी नदीच्या खोऱ्यांत हा डोंगर आहे. अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मजाचें स्थान म्हणून यात्रेकरू येथें येतात. पावणेतीनशेंहून अधिक पायऱ्या आहेत. माझ्याबरोबर भाच्याची मुलें होतीं. तीं धांवत पुढें गेलीं, आणि मी दर पन्नास पायऱ्यांनंतर दम घेत, कागदावरच्या वयाला मान देत, वर पोंचलों.

गिरिजात्मजाचें देऊळ म्हणजे मूळचा बौद्ध विहार. अखंड खडकांत कोरलेलें प्रशस्त दालन, मध्यें एकही खांब नाहीं. दोन्ही बाजूंस सात सात आणि मागील भिंतींत सहा अशा वीस खोल्या. शेजारींच चैत्यगृह आहे. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्रि, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या समूहांत मिळून, दोनशेंच्या आसपास खोदकामें आहेत. एका गांवाभोंवतीं एवढीं लेणीं भारतांत क्वचितच आढळतील. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापारानें भरभराटलेलें हें शहर, आणि त्याच्या डोक्यावर, हांकेच्या टप्प्यांत, हे मौनाचे कोनाडे. एका खोलींत जाऊन मी कांहीं वेळ बसलों. आंत थंडावा आणि अर्धवट अंधार. बाहेर मुलांचा गलका चालला होता, तो आंत येईपर्यंत निम्मा होत होता. श्वास ऐकूं यावा इतकी शांतता त्या दगडांत आजही आहे.

परंतु या लेण्यांतील शिलालेखांचें वाचन विद्वानांनीं करून ठेवलें आहे, आणि त्यांतून एक निराळीच गोष्ट कळते. हीं लेणीं व पाण्याचीं टांकीं दात्यांनीं दिलेलीं आहेत. एका लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि टांकें दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखांत बुरुड व कांसार यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. यवन म्हणविणाऱ्या परदेशीयांचींही दानें आहेत. म्हणजे भिक्षूंनीं डोळे मिटले ते कोणाच्या तरी उघड्या डोळ्यांच्या भरंवशावर. कोणी बांबू तासला, कोणी भांडें ठोकलें, कोणी धान्य मोजलें, तेव्हां या खोलींतील मनुष्य निश्चिंत बसूं शकला. त्या दात्यांचीं नांवें निदान दगडावर कोरलेलीं तरी आहेत. हा विचार त्या थंड खोलींत माझ्या मनांत आला आणि पायऱ्या उतरतांना तो मजबरोबरच खालीं आला.

त्या आठवड्यांत रोज रात्रीं जेवणें झाल्यावर भाचा आणि मी या विषयावरील मूळ निबंध वाचीत असूं. तो संगणकावरून ते काढी आणि इंग्रजी मजकुराचा अर्थ मला समजावी. ध्यान व योग यांचें मापन यंत्रानें करावें ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. स्वामी कुवलयानंद यांनीं इ. स. १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें, आणि उड्डियान, नौली इत्यादि क्रियांचा क्ष-किरणांच्या व दाबमापक यंत्रांच्या साह्यानें अभ्यास आरंभिला. चमत्काराच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या गर्दींत राहून आंकडा मागणारा हा पुरुष होता. वार्धक्याच्या प्रश्नालाही तीच कसोटी लावावयास हवी.

अमेरिकेंतील कोलोराडो राज्याच्या डोंगराळ भागांत तीस माणसें तीन महिने एकांतांत राहून रोज सुमारें सहा तास ध्यान करीत होतीं. त्यांचा अहवाल इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. तुलनेसाठीं घेतलेल्या दुसऱ्या तीस माणसांपेक्षां त्यांच्या पेशींत टेलोमरेजचें कार्य जवळजवळ एकतृतीयांशानें अधिक आढळलें. वर्तमानपत्रांत पुष्कळदां येतें तें हेंच. परंतु हें मापन एकांताच्या शेवटीं केलें होतें. आरंभीं तें किती होतें हें मोजलेलें नव्हतें. परीक्षेचे गुण पाहून मुलाची प्रगति सांगावयाची असेल तर आधींच्या परीक्षेचे गुण हाताशीं हवेत, हें कोणीही शिक्षक सांगेल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत शहाण्णव निरोगी माणसांकडून बारा आठवडे योग आणि ध्यान करविलें; इ. स. २०१७ च्या त्या अहवालांत टेलोमरेज वाढलें, ताणाचें कॉर्टिसॉल हें द्रव्य उतरलें, पेशींची रासायनिक झीज कमी झाली, असें नमूद आहे. टोपणाच्या लांबींत मात्र निश्चित म्हणावी अशी वाढ झाली नाहीं. शिवाय येथें तुलनेचा दुसरा वर्ग नव्हता. नवीन पद्धतीनें एकाच तुकडीला शिकविलें आणि ती उत्तीर्ण झाली, तर यश पद्धतीचें कीं मुलांचें, हें ठरवितां येत नाहीं.

याच्या उलट बाजूचेही अहवाल आहेत, आणि ते क्वचित् छापले जातात. जर्मनींतील लाइपझिग येथें नऊ महिने चाललेल्या मोठ्या मानसिक-शिक्षणाच्या प्रयोगांत टोपणांच्या लांबीवर शिक्षणाचा परिणाम दिसला नाहीं, असें इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालें. मला सर्वांत मनोवेधक वाटला तो फ्रान्समधील कां या शहराचा प्रयोग. पासष्टीच्या पुढील एकशें सदतीस वृद्धांचे तीन वर्ग केले. एका वर्गास अठरा महिने ध्यान शिकविलें. दुसऱ्यास तितकेच दिवस इंग्रजी भाषा शिकविली. तिसरा आपापल्या घरीं पूर्वींप्रमाणें राहिला. इ. स. २०२२ च्या अहवालाप्रमाणें मेंदूच्या ज्या भागांकडे लक्ष ठेवलें होतें त्यांच्या आकारमानांत ध्यानानें लक्षणीय फरक पडला नाहीं. परंतु अवधान, इतरांशीं वागण्यांतील भावना आणि स्वतःची ओळख यांचें एकत्र मापन केलें असतां ध्यान करणारा वर्ग इतर दोन वर्गांच्या पुढें होता. आयुष्यभर मुलांना भाषा शिकविलेल्या माणसाला इंग्रजीचा हा पराभव थोडा लागला; तरी निकाल निकालच.

तेव्हां या सर्वांचें तात्पर्य काय? ध्यानानें मन शांत होतें, कित्येकांस ताण कमी जाणवतो, याला पुरावा बरा आहे. ताण दीर्घकाळ राहिला म्हणजे झोंप बिघडते, रक्तदाब चढतो, शरीराची झीज वाढते. तेव्हां ताण उतरल्यास झीज मंदावणें शक्य आहे. परंतु ध्यानानें वय मागें फिरतें असें म्हणण्याइतका पुरावा आज नाहीं. चालणें, बेताचें जेवण, तंबाखूचा त्याग, रक्तदाबाचें व साखरेचें औषध वेळेवर घेणें, यांची जागा आसनावर बसून भरून निघत नाहीं. आहारविहार युक्त असावा, असें भगवंतांनीं ध्यानाच्याच अध्यायांत सांगून ठेवलें आहे, याचें स्मरण असावें.

हा विषय एवढ्यावर संपला असता. परंतु भाच्यानें शेवटच्या रात्रीं आणखी एक निबंध काढला, आणि तो ऐकतांना आम्हां दोघांचेंही लक्ष आंतल्या खोलीकडे गेलें. इ. स. २००४ मध्यें कॅलिफोर्नियांत एलिसा एपेल आणि वर उल्लेखिलेल्या ब्लॅकबर्नबाई यांनीं अठ्ठावन्न मातांचा अभ्यास केला. त्यांपैकीं एकोणचाळीस मातांचीं मुलें दीर्घकाळ आजारी होतीं, व त्यांची शुश्रूषा त्या करीत. नुसती शुश्रूषा करावी लागते एवढ्यावरून दोन्ही गटांच्या टोपणांत फरक पडला नव्हता. परंतु जिला शुश्रूषा करून जितकीं अधिक वर्षें झालीं तितकीं तिचीं टोपणें आंखूड होतीं. आणि ज्यांच्या मनावरचा ताण सर्वाधिक, त्यांच्या पेशी ताण सर्वांत कमी असणाऱ्या मातांच्या पेशींहून निदान दहा वर्षांनीं म्हाताऱ्या दिसत होत्या.

आंतल्या खोलींत माझी भाचेसून अक्काला कुशीवर वळवीत होती. अंथरुणास खिळलेल्या माणसास पाठीला व्रण पडूं नयेत म्हणून दर दोन तासांनीं वळवावें लागतें, रात्रींसुद्धां. दोन वर्षांत तिची एकही रात्र सलग झोंपेची गेलेली नव्हती. वय चाळीस, केंस कानशिलांवर पांढरे झालेले. पहाटे मी ध्यानाला बसे त्याच वेळीं तिचा दिवस चालू होई. माझ्यासाठीं दाराबाहेर तांब्या भरून ठेवलेला असे, आणि मुलांनीं आवाज करूं नये म्हणून ती त्यांना खुणेनें गप्प करी. दुसऱ्या दिवशीं मीं तिला विचारलें, “सूनबाई, तूं कधीं स्वस्थ बसतेस कीं नाहीं? डोळे मिटून, घटकाभर?” ती म्हणाली, “मामा, वेळ मिळत नाही असं नाही. दुपारी मिळतो. पण डोळे मिटले की हाक ऐकू येते. आलेली नसली तरी.”

महाभारतांत ययातीची कथा आहे. शापानें अकालीं जरा आली तेव्हां त्यानें पुत्रांकडे तारुण्य मागितलें. इतरांनीं नाकारलें, धाकट्या पूरूनें दिलें, आणि राजानें पुत्राच्या वयावर सहस्र वर्षें भोग भोगले. ही कथा भोगलालसेची म्हणून आपण मुलांना सांगतों. परंतु ज्या घरांत वृद्धांची शांति, वृद्धांचा नेम, वृद्धांची शुश्रूषा हीं सारीं एकाच स्त्रीच्या झोंपेवर उभीं असतात, तेथें तिचें तारुण्य कोणीं न मागतांच घेतलें जातें. तिनें तें हूं कीं चूं न करितां दिलें म्हणून आपण तिचें कौतुक करितों. पूरूला निदान विचारलें तरी होतें.

मीं ही गोष्ट अक्काजवळ काढली. ती थोडा वेळ आढ्याकडे पाहत राहिली, मग अडखळत, एकेक शब्द जुळवीत म्हणाली, “अरे, माझं आयुष्य वाढवायची युक्ती कोणी काढलीच, तर आधी हिला विचारा म्हणावं.” यांत कडवटपणा नव्हता. आपला भार कोणावर पडतो हें अंथरुणावरच्या माणसाला सर्वांच्या आधीं कळतें. फक्त तें बोलून दाखविण्याची सोय त्याला नसते.

त्या दिवसापासून दुपारीं चार ते साडेपांच अक्कापाशीं बसण्याचें काम मीं घेतलें. अक्काला वळविण्याची, पाणी पाजण्याची, पाठीखालीं उशी देण्याची रीत सुनेनें मला शिकविली. साठी उलटलेल्या विद्यार्थ्याला ती दोन दिवसांत जमली. पहिले तीन दिवस ती नुसती झोंपली. चौथ्या दिवशीं शेजारणीबरोबर भैरवनाथास जाऊन आली. मग एके दिवशीं आपण होऊन विचारूं लागली, “मामा, तुम्ही बसता तेव्हा करता काय?” मीं सांगितलें तें असें: मांडी घालतां येत नसेल तर खुर्चीवर बसावें, पाठ ताठ, खांदे सैल. श्वास ओढूं नये, कोंडूं नये. येतो जातो तो नाकपुड्यांपाशीं ओळखावा. मन भटकलें कीं त्यावर रागावूं नये. वर्गांतून बाहेर पाहणाऱ्या मुलाला हाक मारून आणावें तसें परत आणावें. हांक ऐकूं आली तर ‘हांक ऐकूं आली’ एवढें जाणावें. दहा मिनिटें पुरेत. यापुढें जावयाचें असेल तर आळंदीजवळ मरकळ येथें विपश्यनेचें केंद्र आहे, इगतपुरीस सत्यनारायण गोएंका यांनीं स्थापिलेलें मोठें केंद्र आहे. तेथें दहा दिवस मौन पाळून शिकवितात. पण ज्या गृहिणीला दहा मिनिटें निर्वेध मिळत नाहींत तिला दहा दिवसांची गोष्ट सांगणें म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची यादी वाचून दाखविणें होय. आणि मनाला खोल खिन्नता आलेली असेल तर आधीं वैद्याकडे जावें. ध्यान हें औषधाच्या जागीं घेऊं नये.

मी निघण्यापूर्वीं भाच्यानें आपण होऊन घरचें वेळापत्रक बदललें. आठवड्यांतील तीन रात्री आईला वळविण्याचें काम त्यानें घेतलें, आणि सकाळच्या वेळेपुरती गांवांतील एक अनुभवी बाई पगारावर ठेवली. थोरल्या नातीनें आजीला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवावें असें ठरलें. यानें सुनेच्या पेशींचीं टोपणें किती लांबलीं हें सांगण्यास माझ्याजवळ साधन नाहीं. मुलें मात्र म्हणालीं, आई परवां गाणें म्हणत होती.

मध्यंतरीं एक दिवस आळ्यास जाऊन आलों. आळेफाट्याजवळचें हें गांव; ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनीं वेद वदविले असें सांगतात त्या रेड्याची समाधि येथें आहे. पैठणहून परततांना त्यानें येथें देह ठेवला अशी श्रद्धा आहे, आणि वारकरी मोठ्या भक्तीनें तेथें माथा टेंकतात. मुक्या जनावराच्या समाधीसमोर बसलों असतां मला चांगदेवांची आठवण झाली. योगबलानें काळाला चकवून ते चौदाशें वर्षें जगले अशी आख्यायिका आहे. त्यांनीं ज्ञानेश्वरांस पत्र धाडावयाचें ठरविलें, पण वयानें लहान आणि ज्ञानानें मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हें न सुचून कागद कोराच पाठविला. चौदाशें वर्षें जगून हा कोराच राहिला, असें धाकटी मुक्ताबाई म्हणाली, आणि पुढें याच मुक्ताबाईला चांगदेवांनीं गुरु केलें. त्या कोऱ्या पत्राचें उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्या आपण चांगदेवपासष्टी म्हणून वाचतों. ती लिहिणारे ज्ञानेश्वर शके १२१८ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, समाधिस्थ झाले.

आपल्या परंपरेनें या दोन आयुष्यांची तुलना करून निकाल केव्हांच दिलेला आहे. ध्यान करावें; पहाटेची ती घटका वृद्धापकाळांत फार मोलाची असते, आणि तिनें चित्ताला येणारें स्थैर्य खरें आहे. आयुष्य त्यानें वाढलें तर वाढो. परंतु घरांतल्या एकाच्या डोळे मिटण्यानें दुसऱ्याला अधिक जागावें लागत असेल, तर त्या घराचें एकंदर वय वाढतच आहे, हें आपण वडील माणसांनीं ओळखावें. आपल्या ध्यानाची घटका संपली कीं तेवढीच दुसरी घटका, आपल्यासाठीं जी जागते तिच्या हातीं द्यावी. बुद्रुक होण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. त्या शब्दाचा अर्थ मोठा असाही आहे.